साठच्या दशकातल्या पॉप गाण्यांचा बेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकन आणि ब्रिटिश गाण्यांमधल्या बेसबद्दल, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणाऱ्या वाद्याबद्दल, मी लिहायला लागलो तेव्हापासून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येत असतात. कुणी नुकताच बेस हातात घेतलेला असतो, कुणी वडिलांच्या रेकॉर्डी ऐकत मोठा झालेला असतो. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे एकाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे क्रमांक दिला आहे. माझं मत मात्र आधीच सांगून टाकतो: या आवाजाचा जीव सूर कसा उमटतो यापेक्षा तो कुठे थांबतो यात आहे.

१. मला गाण्यात बेस वेगळा ऐकूच येत नाही. सुरुवात कुठून करू?

'माय गर्ल'पासून. टेम्प्टेशन्स या गायकांच्या गटाचं हे गाणं १९६४ च्या अखेरीस आलं आणि ते सुरूच बेसने होतं. आधी एकटा बेस, मग त्याच्यावर चढत जाणारी गिटार. ते पहिले सूर कानात बसले की पुढे सगळं गाणंभर तोच आवाज खालून चालताना ऐकू येतो. तबला ऐकताना आपण चाटेकडे लक्ष देतो, पण डग्गा काढून घेतला की ठेका लगेच पोकळ वाटतो. बेसचं तसंच आहे.

एक गोष्ट सांभाळा: मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि एवढ्याशा स्पीकरमधून तो बाहेरच पडत नाही. वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या बारीक वरच्या सुरांवरून, कान त्याचा अंदाज बांधतो, पण वजन हरवतं. साधे हेडफोन पुरतात. त्या काळातल्या बऱ्याच स्टिरिओ मिश्रणांत बेस आणि ड्रम एकाच बाजूला ठेवलेले असतात, तेव्हा एका कानाचा हेडफोन काढून बघा. गाण्याची निम्मी वीण उघडी पडते.

२. सेशन वादक म्हणजे नेमकं कोण?

स्टुडिओत बोलावणं आलं की जायचं, समोर ठेवलेला कागद वाचून वाजवायचं, ठरलेले पैसे घ्यायचे आणि पुढच्या स्टुडिओकडे निघायचं, हा ज्याचा व्यवसाय तो. अमेरिकेत वादकांच्या संघटनेच्या नियमानुसार एक सेशन तीन तासांचं असे आणि तेवढ्यात जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं संगीत ध्वनिमुद्रित करता येई. म्हणजे पाच-सहा गाण्यांपेक्षा जास्त नाही. लॉस एंजेलिसमधले वादक दिवसाला तीन-तीन सेशन करत. समोरचा कागद कधी पूर्ण स्वरलिपीचा, कधी नुसत्या कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या, नावांचा. दुसऱ्या प्रकारात बेसची ओळ वादकालाच जागेवर रचावी लागे. मला यातलं सगळ्यात थक्क करणारं हेच वाटतं, की आज आपण महिनोन्महिने गिरवतो त्यातल्या कितीतरी ओळी दुपारच्या एका सेशनमध्ये जन्मल्या आहेत.

३. बँडकडे स्वतःचा बेस वादक असताना दुसऱ्याला का बोलवायचे?

वेळ आणि पैसा. स्टुडिओचं भाडं तासावर आणि संघटनेचे दर ठरलेले. नवखी मुलं एका गाण्यावर पूर्ण दिवस घालवणार, तर सेशनवाले दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात काम उरकणार. बर्ड्‌सचं 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' १९६५ च्या जानेवारीत मुद्रित झालं तेव्हा बँडपैकी वाद्य वाजवलं ते फक्त रॉजर मॅग्विन यांनी, त्यांची बारा तारांची गिटार. बेस लॅरी नेक्टेल यांचा आहे. हेच नेक्टेल १९७० च्या 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'मध्ये पियानोवर आहेत आणि तिथे बेस जो ऑस्बॉर्न यांचा आहे.

बीच बॉइजचं कारण निराळं. ब्रायन विल्सन स्वतः बँडचे बेस वादक, पण त्यांना डोक्यातला आवाज स्टुडिओत उभा करायचा होता. १९६६ च्या सुरुवातीला बाकीचा बँड जपानच्या दौऱ्यावर असताना त्यांनी सेशन वादकांना घेऊन 'पेट साउंड्स' या अल्बमचं काम सुरू केलं. तिथे बेस बरेचदा कॉर्डचा मूळ स्वर सोडून भलत्याच स्वरावर उभा राहतो आणि वरचा साधासा कॉर्ड अधांतरी तरंगू लागतो. ही युक्ती विल्सन यांची, हात सेशनवाल्यांचे.

४. त्या काळचा बेस असा 'ठुप्प' का वाजतो? आजच्यासारखा लांबत का नाही?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. तीन कारणं एकत्र काम करतात.

पहिलं, तारा. त्या काळच्या बहुतेक बेसवर फ्लॅटवाउंड तारा असत. जाड तारेच्या गाभ्याभोवती चपटी पट्टी गुंडाळलेली, त्यामुळे हाताला गुळगुळीत. वरचे स्वरांश कमी, खालचा सूर ठसठशीत. आजच्या खरखरीत राउंडवाउंड तारा रोटोसाउंड कंपनीने हू या बँडच्या जॉन एन्टविसल यांच्याबरोबर काम करून १९६६ च्या सुमारास बेससाठी घडवल्या. त्यांची पियानोसारखी झंकारती आस पुढच्या दशकाची.

दुसरं, तारांचं वय. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बेस वादक जेम्स जेमरसन तार तुटेपर्यंत बदलत नसत. जो ऑस्बॉर्न यांचीही तीच ख्याती. हाताचा घाम आणि मळ मुरून तारा मंद होत जातात. आपल्याकडे सतारीची जवारी बंद करून घेतात तेव्हा झंकार आवरून सूर गोल होतो ना, परिणामाने हे त्याच्या जवळ जातं.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, दाब. फेंडरच्या बेसवर घोडीवर धातूचं झाकण असे आणि त्याच्या आत फोमची पट्टी चिकटवलेली असे. ती तारांना टेकून राहायची. बोट उचलायच्या आधीच सूर विझायला लागतो, आणि दोन सुरांमध्ये बारीकशी मोकळी जागा राहते. त्या जागेत ड्रमचा फटका स्वच्छ बसतो. पुढे वादकांनी ही झाकणं काढून टाकली. झाकणाबरोबर फोमही गेला.

घरी हे कसं करायचं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

५. नेमके कोणते बेस वापरत?

मुख्यतः फेंडर प्रिसिजन. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये तो बाजारात आणला. पडदे असल्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव 'प्रिसिजन'. १९६० मध्ये जॅझ बेस आला, मान निमुळती आणि पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारी उपकरणं, दोन. ऑस्बॉर्न यांचा आवाज त्याचा. फेंडरचा दबदबा एवढा होता की कोणत्याही इलेक्ट्रिक बेसला सेशनच्या कागदावर सरसकट 'फेंडर बेस' लिहीत, आणि नुसतं 'बेस' म्हणजे उभा डबल बेस.

६. जेमरसन खरंच एकाच बोटाने वाजवत होते का?

हो. उजव्या हाताची फक्त तर्जनी. सहकारी त्या बोटाला 'हुक' म्हणत.

जेमरसन यांचा जन्म १९३६ चा, साउथ कॅरोलायनातला. किशोरवयात ते डेट्रॉइटला आले आणि शाळेत डबल बेस शिकले. उभ्या बेसवर जॅझची पद्धत तीच, एका बोटाने तार ओढायची. इलेक्ट्रिक बेस हातात आला तरी त्यांनी ती बदलली नाही. मोकळ्या तारांचा भरपूर वापर ही सवयही तिथूनच आली. त्यांचा १९६२ चा प्रिसिजन 'फंक मशीन' म्हणून ओळखला जाई. त्यावर ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड तारा, पडद्यांपासून खूप उंच. तो दुसऱ्या कुणाला वाजवायला जड जात असे.

पण बोटापेक्षा डोकं मोठं. 'यू कान्ट हरी लव्ह' (१९६६) किंवा 'बर्नाडेट' (१९६७) ऐका. समेवर मूळ स्वर देऊन ते लगेच निसटतात, अर्ध्या स्वराच्या पायऱ्यांनी इकडेतिकडे फिरतात, मात्रेच्या आधी किंवा नंतर पाय टाकतात आणि पुढच्या समेला नेमके घरी. तबलजी तुकडा घेऊन समेवर येतो तेव्हा अंगावर काटा येतो, तो इथे दर चार मात्रांनी येतो. हे सगळं गाणाऱ्याच्या शब्दावर एकदाही पाय न देता! 'फॉर वन्स इन माय लाइफ' (१९६८) मध्ये ते स्टीव्ही वंडर यांच्या खाली जवळपास दुसरं गाणंच गातात.

मोटाउनने त्यांचं नाव कव्हरवर पहिल्यांदा छापलं ते १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. तोवर ते बारा वर्षं वाजवत होते. १९८३ मध्ये ४७ व्या वर्षी ते गेले. त्याच्या थोडं आधी 'फंक मशीन' चोरीला गेला होता. ही ओळ लिहिताना मला दरवेळी थांबावं लागतं.

७. कॅरल के यांच्याबद्दल सांगा. त्या पिकने वाजवत असत का?

हो, कडक पिकने, म्हणजे नखीने. १९३५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात जन्मलेल्या कॅरल के मुळात लॉस एंजेलिसच्या क्लबांमधल्या जॅझ गिटार वादक. १९६३ मध्ये कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीच्या एका सेशनला बेस वादक आला नाही म्हणून त्यांच्या हातात बेस आला. मग तो सुटला नाही. त्या खोल्यांमध्ये वादक म्हणून बाई बहुधा एकट्या त्याच असत.

दाबासाठी त्या फेल्टच्या जाड कापडाची दुहेरी घडी घोडीजवळ तारांच्या वरून ठेवत. पिकची टोकदार सुरुवात आणि फेल्टमुळे लगेच विझणारी आस, या जोडीतून तो टणक, उसळता आवाज येतो. सॉनी आणि शेर यांच्या 'द बीट गोज ऑन'ची बेसची ओळ त्यांची. एकाच कॉर्डवर चालणाऱ्या त्या गाण्याचा कणाच ती ओळ आहे. 'विचिटा लाइनमन'च्या (१९६८) सुरुवातीची उतरती सुरावटही त्यांचीच. त्या गाण्यातला जाड, घोगरा एकल तुकडा गायक ग्लेन कॅम्पबेल यांनी वाजवला, पण वाद्य के यांचं होतं: डॅनइलेक्ट्रोचा सहा तारांचा बेस.

लॉस एंजेलिसच्या या सेशन वादकांना मिळालेलं 'रेकिंग क्रू' हे नाव ड्रमर हॅल ब्लेन यांच्या आठवणींमुळे रूढ झालं. आम्हाला त्या काळी असं कुणी म्हणत नसे, हे के यांनी वारंवार सांगितलं आहे.

८. मोटाउनची काही गाणी कॅरल के यांनी वाजवली असं वाचलं. मग खरं काय?

हा नाजूक विषय आहे आणि मला दोघांबद्दलही तितकाच आदर आहे. साठच्या दशकात मोटाउनचं काही ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसमध्येही होत होतं आणि के तिथे वाजवत होत्या, त्यामुळे त्यांचा दावा हवेतला नाही. पण 'बर्नाडेट' किंवा 'आय वॉज मेड टू लव्ह हर' यांसारखी नेमकी गाणी घेतली, तर ती करणाऱ्यांचं आणि अभ्यासकांचं पारडं जेमरसन यांच्या बाजूला झुकतं. माझा कानही तेच सांगतो. मोकळ्या तारांचा तो वापर आणि तर्जनीचा ओढता ठसा पिकने येत नाही. पिक आणि बोट यांतला फरक प्रश्न ६ आणि ७ एकापाठोपाठ वाचून, गाणी ऐकून ताडून बघा.

९. एकाच गाण्यात दोन-तीन बेस असत, हे खरं आहे का?

खरं आहे आणि याची मजा कळली की जुनी गाणी नव्याने ऐकावीशी वाटतात.

नॅशव्हिलची पद्धत आधी. डबल बेसला घुमार भरपूर, पण सुरुवातीचा ठोका बोथट. मोटारीतल्या किंवा खिशातल्या ट्रान्झिस्टरवर तो हरवायचा. म्हणून सहा तारांच्या इलेक्ट्रिक बेसवर तळहाताने दाब देऊन, पिकने तेच स्वर वाजवायचे. टिक-टॅक, टिक-टॅक असा आवाज यायचा म्हणून नाव 'टिक-टॅक बेस'. पॅट्सी क्लाइन यांचं 'क्रेझी' (१९६१) ऐका: डबल बेसवर बॉब मूर, इलेक्ट्रिकवर हॅरल्ड ब्रॅडली. दोघं इतके एकजीव की एकच वाद्य वाटतं.

लॉस एंजेलिसमध्ये हीच कल्पना पसरली. नॅन्सी सिनात्रा यांच्या 'दीज बूट्स आर मेड फॉर वॉकिन'मधली ती प्रसिद्ध घसरगुंडी चक बर्गहॉफर यांच्या डबल बेसची आहे. पडदे नसल्यामुळे ते पाव-पाव स्वराने खाली उतरू शकले, आपल्या मींडेसारखे. त्याच गाण्यात कॅरल के यांचा इलेक्ट्रिक बेसही आहे.

'गुड व्हायब्रेशन्स' (१९६६) हे यातलं अवघड प्रकरण. १९६६ च्या फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात चार स्टुडिओंमध्ये तुकडे मुद्रित करून ते जोडलं गेलं. त्या सेशन्समध्ये रे पोलमन, लाइल रिट्झ आणि कॅरल के तिघांनीही बेस वाजवला. तेव्हा 'गुड व्हायब्रेशन्सचा बेस कुणाचा' या प्रश्नाला एक नाव देणारं उत्तर चुकीचंच असणार.

१०. अॅम्प्लिफायर कोणता घेऊ म्हणजे मोटाउनसारखा आवाज येईल?

कुठलाच घेऊ नका. मोटाउनच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत, म्हणजे वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या घरात, जेमरसन यांचा बेस थेट कन्सोलला, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या मिक्सरला, जोडलेला असे. मध्ये ना अॅम्प्लिफायर, ना मायक्रोफोन. त्यामुळे आवाज इतका जवळचा वाटतो. अँपेगचा बी-१५ ते क्लबमध्ये वापरत. १५ इंची स्पीकरचा हा संच १९६० मध्ये आला आणि मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत डक डन यांच्या बेसमागे तोच होता.

स्टॅक्सचा आवाज मोटाउनपेक्षा मोकळा वाटतो, कारण तो स्टुडिओ म्हणजे जुनं चित्रपटगृह होतं. उतरती जमीन तशीच ठेवलेली. 'सोल मॅन'मध्ये (१९६७) डन यांचा बेस ऐकताना ती खोलीही ऐकू येते. मात्र 'ग्रीन अन्यन्स'वर (१९६२) डन नाहीत, तिथे लुई स्टाइनबर्ग आहेत. ही चूक फार ठिकाणी दिसते.

११. बीटल्सचा बेस १९६६ मध्ये अचानक मोठा कसा झाला?

पॉल मॅकार्टनी सेशन वादक नव्हेत, पण हा प्रश्न इतका येतो की टाळता येत नाही. तोवर ते व्हायोलिनच्या आकाराचा, आखूड मानेचा हॉफ्नर वाजवत. १९६५ मध्ये त्यांना रिकनबॅकर मिळाला, त्याचा सूर अधिक टणक आणि स्पष्ट. १९६६ च्या एप्रिलमध्ये 'पेपरबॅक रायटर' करताना इंजिनिअर जेफ एमरिक यांनी बेसच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन म्हणून दुसरा मोठा लाउडस्पीकरच उलटा वापरला. पडदा मोठा, म्हणून खालचे सूर जास्त पकडले गेले. आणखी एक अडचण होती: बेस जोरात कोरला तर रेकॉर्डवरची सुई उडेल ही बीटल्सची रेकॉर्ड कंपनी ईएमआय हिची धास्ती. ती सांभाळणारं नवं उपकरण त्याच सुमारास रेकॉर्ड कोरायच्या खोलीत आलं होतं.

आणि प्रेरणा कुणाची? मॅकार्टनी स्वतः दोन नावं घेत आले आहेत: जेमरसन आणि ब्रायन विल्सन. म्हणजे फिरून प्रश्न ३ आणि ६.

१२. माझ्याकडे साधा बेस आहे. हा आवाज घरी कमी खर्चात कसा काढू?

भांडी घासायचा स्पंज घ्या, नवा, कोरडा. खरखरीत हिरवी बाजू कापून टाका. मऊ भागाची बोटभर रुंद, तारांच्या एकूण रुंदीइतकी लांब पट्टी कापा आणि घोडीला चिकटून तारांखाली सरकवा. पट्टी तारांना नुसती टेकली पाहिजे. फार दाबली तर सूरच मरतो आणि जाड तार बेसूर व्हायला लागते. माझ्या बेसवर पहिली पट्टी जाड झाली होती, दोनदा कात्री लावल्यावर जमली. मग टोनचं बटण निम्म्याच्या खाली आणा आणि तारेवर बोट मानेच्या टोकाजवळ मारा.

फ्लॅटवाउंड तारा महाग पडतात, पण एकदा घातल्या की वर्षानुवर्षं बदलायच्या नाहीत, हा हिशेब धरा. मी एकदा दुकानदाराच्या सांगण्यावरून सात वर्षं मुरलेल्या फ्लॅटवाउंड काढून चकचकीत नव्या राउंडवाउंड घातल्या. घरी येऊन 'माय गर्ल'चे सूर वाजवले आणि रडू यायचं बाकी राहिलं. जुन्या तारा दुकानातच टाकून आलो होतो. काढलेल्या तारा कधीही टाकू नका.

शेवटी डावा हात. स्पंज असला तरी प्रत्येक सूर कुठे तोडायचा हे बोटांनीच ठरवायचं. मेट्रोनोम लावा आणि एकच स्वर घेऊन तो पाव मात्रा, अर्धी मात्रा, पाऊण मात्रा असा थांबवून बघा. मी रोज दहा मिनिटं हेच करतो.

१३. आपल्या हिंदी चित्रपटसंगीतातही असे सेशन वादक होते का?

होते, आणि त्यांची गोष्ट याच्याशी फार जुळते. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये स्वरलिपी वाचून वाजवणाऱ्यांत गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा होता आणि सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर त्यांचे कागद लिहीत. साठच्या दशकात खालची बाजू बरीचशी डबल बेस सांभाळत असे, पुढे आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्या बेस गिटारने ती जागा घेतली. रेकॉर्डच्या कव्हरवर या वादकांची नावं क्वचितच येत. हा विषय इतका मोठा आहे की त्याला स्वतंत्र पान हवं आणि ते मी लिहायला घेतलं आहे.

१४. एखाद्या गाण्यावर बेस कुणाचा आहे हे खात्रीने कसं शोधायचं?

अमेरिकन गाणं असेल तर संघटनेचे सेशनचे करारपत्रक हा पहिला आधार. त्यावर तारीख, स्टुडिओ, वादकांची नावं आणि मानधन असतं. पण त्यातही खाचखळगे आहेत. एकाच पत्रकावर तीन-चार गाणी असतात आणि कोणी कोणत्या गाण्यावर वाजवलं ते लिहिलेलं नसतं. बेस वादक दोन असतील तर डबल बेस कुणाकडे होता हे कळेलच असं नाही. नंतर चढवलेल्या तुकड्यांचं पत्रक वेगळं. आणि एखादं गाणं तीनदा मुद्रित करून शेवटी पहिलंच वापरलेलं असू शकतं.

म्हणून मी पत्रक, त्या खोलीत हजर असलेल्यांचं सांगणं आणि कान, तिन्ही जुळले तरच नाव लिहितो. अरीथा फ्रँकलिन यांच्या 'रिस्पेक्ट'वर (१९६७) टॉमी कॉगबिल आहेत, हे असं निर्धास्त लिहिता येतं. तुमच्याकडे एखाद्या गाण्याबद्दल वेगळी माहिती असेल तर ती कुठून मिळाली तेही कळवा. चूक असेल तर इथलं नाव मी बदलेन.